सॅबथ : एकत्र थांबण्याचा हक्क

स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या स्कॉट्स भाषेत वारांची नावे इंग्रजीच्याच कुळातली आहेत. सोमवारला मनन्डे, मंगळवारला टाइझडे, गुरुवारला फ्यूर्झडे असे उच्चार तेवढे निराळे. रविवारी मात्र ही भाषा इंग्रजीची वाट सोडते. इंग्रज ज्या दिवसाला सूर्याचा वार म्हणतो, त्याला स्कॉट माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘सॅबथ’ म्हणत आला. ‘संडे’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता असे नाही, परंतु कडव्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे तिथल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाच्या, माणसाला त्यात मूर्तिपूजकांच्या सूर्याचा वास येई, आणि जे तितके कडवे नव्हते त्यांच्याही तोंडी घरातला, बाजारातला, वर्तमानपत्रातला शब्द सॅबथ हाच होता. लहान मुलांची रविवारची शाळा तिथे ‘सॅबथ स्कूल’ होती. मूळ हिब्रू परंपरेत सॅबथ म्हणजे शनिवार. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो ‘शब्बाथ’ म्हणून परिचित आहे, आणि पोर्तुगीज, स्पॅनिश व अनेक स्लाव्ह भाषांत शनिवारचे नाव आजही त्याच धातूवरून आले आहे. स्कॉटलंडने ते नाव उचलून रविवारवर ठेवले आणि धर्मशास्त्रातली एक संज्ञा साध्या दिनदर्शिकेतला वार होऊन बसली.

आज त्या देशात या शब्दाकडे दोनच नजरांनी पाहिले जाते. काहींना तो श्रद्धेचा अखेरचा बुरूज वाटतो, आणि बहुसंख्यांना धर्मसत्तेच्या जाचाची आठवण. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधील ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले. २०११ मध्ये हे प्रमाण ३६.७ टक्के होते. अशा समाजाने एका वाराचे धार्मिक नाव मागे सोडणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. सॅबथ या एका शब्दात दोन गोष्टी एकजीव झाल्या होत्या. एक उपासनेची आज्ञा, आणि दुसरी सगळ्या गावाने एकाच दिवशी, एकाच वेळी काम थांबवण्याची व्यवस्था. स्कॉटलंडने पहिली गोष्ट विचारपूर्वक, वाद घालून, दीडशे वर्षांत मागे टाकली. दुसरीवर असा वाद नीट झालाच नाही. पहिली गेली तेव्हा दुसरी तिच्यासोबत निघून गेली, आणि या जाण्याची किंमत प्रामुख्याने दुकानांत, गोदामांत, उपाहारगृहांत तासांवर काम करणाऱ्या माणसांनी मोजली.

हा शब्द इतका खोल कसा रुजला हे समजण्यासाठी स्कॉटिश धर्मसुधारणेने बाकीच्या सणांचे काय केले ते पाहावे लागते. बायबलमध्ये आधार नाही म्हणून कर्कने, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चने, संतांचे दिवस, ईस्टर, नाताळ सगळे नाकारले. १६४० मध्ये संसदेने नाताळची सुटी कायद्याने रद्द केली. पुढे राज्ये बदलली, कायदे बदलले, पण रीत टिकली. स्कॉटलंडमध्ये नाताळ सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ मध्ये, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. वर्षभर विखुरलेले सारे पावित्र्य असे काढून घेतल्यावर ते साठवायला एकच जागा उरली, आठवड्यातला एक दिवस. १६४७-४८ च्या सुमारास स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धानिवेदनाने आणि लघुप्रश्नोत्तरीने त्याला शब्दरूप दिले. त्या प्रश्नोत्तरीतले १०७ प्रश्न स्कॉटिश मुलांनी शतकानुशतके तोंडपाठ केले. साठाव्या प्रश्नाचे उत्तर सांगते की एरवी जी कामे आणि करमणूक न्याय्य आहेत तीही त्या दिवशी वर्ज्य होत, आणि सारा वेळ उपासनेत जावा. अपवाद फक्त ‘गरजेच्या आणि दयेच्या कामांचा’. या अपवादाकडे मला पुढे परत यायचे आहे, कारण माझ्या मते त्या संपूर्ण परंपरेतले आजच्या राज्यकर्त्यांना उपयोगी पडणारे सर्वांत शहाणे वाक्य तेच आहे.

वायव्येच्या गेलिकभाषक बेटांवर हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. गेलिकमध्ये रविवारला दोन नावे आहेत. लुईस, हॅरिस, स्काय अशा प्रेस्बिटेरियन बेटांवर माणूस ‘ला ना साबिच’ म्हणतो, सॅबथचा दिवस. दक्षिणेला साउथ युइस्ट आणि बॅरा या कॅथलिक बेटांवर तोच दिवस ‘जिदोनिख’ आहे, लॅटिनमधल्या ‘प्रभूचा दिवस’ या नावावरून आलेला. एकच भाषा, एकच समुद्र, पण वाराच्या नावावरून बोलणाऱ्याचे चर्च ओळखता येते. कॅथलिक बेटांवर मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर फुटबॉलला मज्जाव नाही, आणि प्रेस्बिटेरियन बेटांवर सॅबथला दोरीवर कपडे वाळत घालणेही परवापरवापर्यंत अशोभनीय मानले जाई. त्याच भाषेतले मधले वार मात्र दोघांचेही समान आहेत, आणि तेही मुळात धार्मिकच. बुधवार म्हणजे ‘पहिला उपवास’, शुक्रवार म्हणजे ‘उपवास’, आणि गुरुवार म्हणजे ‘दोन उपवासांमधला दिवस’. मध्ययुगीन मठांची ही साप्ताहिक दिनचर्या धर्मसुधारणेनंतर लयाला गेली. बुधवार-शुक्रवारचे ते उपवास प्रेस्बिटेरियनांनी सोडून दिले, आणि त्यांची नावे रोज उच्चारताना त्यांच्या मनात उपवास येत नाही. याउलट सामुदायिक प्रभुभोजनाच्या पर्वात गुरुवारचा उपवासाचा दिवस, शुक्रवारचा ‘प्रश्नाचा दिवस’ ही नावे लुईसमध्ये जिवंत राहिली, कारण त्या दिवशी लोक खरोखर जमत आणि प्रश्न खरोखर विचारले जात. वाराच्या नावातला अर्थ टिकतो तो आचारामुळे. आचार संपला की उरते ती अक्षरे. म्हणून सॅबथ हा शब्द वारसा म्हणून कोशात जपावा एवढीच मागणी करणाऱ्यांशी माझे पटत नाही. प्रश्न कोशाचा नाही, रविवारी सकाळी कोण कामावर आहे याचा आहे.

या परंपरेचा जाच लपवून तिची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. सतराव्या आणि अठराव्या शतकांत गावोगावची चर्चमंडळे प्रवचनाच्या वेळी वडीलजनांना रस्त्यांवर गस्तीला पाठवत. जो फिरताना, पाणी भरताना, मासे पकडताना सापडेल त्याला दंड होई किंवा सर्वांसमोर पश्चात्तापाच्या बाकावर बसावे लागे. हा दंड श्रीमंतांपेक्षा गरिबांच्या वाट्याला अधिक येई, कारण श्रीमंताचे घर आणि बाग भिंतींच्या आत असे. विसाव्या शतकातही अनेक गावांत उद्यानातले झोपाळे रविवारी साखळीने बांधून ठेवत. ज्या मुलांच्या वाट्याला आठवड्यात खेळायला तोच दिवस मोकळा होता, त्यांच्यावरचा तो अन्याय होता. स्त्रियांच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. शनिवारी रात्रीपर्यंत पाणी भरून ठेवणे, बटाटे सोलून ठेवणे, सरपण आणून ठेवणे हे सारे तिनेच करायचे, म्हणजे विसाव्याची पूर्वतयारी हेच एक जादा काम. तरीही दुसऱ्या दिवशी तिला कोणी काम सांगू शकत नसे, आणि असे म्हणता येईल असा आठवड्यातला दुसरा दिवस तिच्यापाशी नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि झगडा उघड्यावर आला. एडिंबरा-ग्लासगो रेल्वे १८४२ मध्ये सुरू झाली तेव्हा कंपनीने रविवारीही गाड्या सोडल्या. सॅबथपालनासाठी ब्रिटिश संसदेत विधेयके मांडून थकलेले सर अँड्र्यू ॲग्न्यू यांनी कंपनीचे भाग विकत घेतले आणि भागधारकांच्या सभेत विरोध चालवला. १८४६ मध्ये त्या गाड्या बंद झाल्या, आणि १८६५ मध्ये कंपनी दुसऱ्या रेल्वेत विलीन झाल्यावर पुन्हा धावू लागल्या. त्याच वर्षी ग्लासगोच्या बॅरनी चर्चचे नॉर्मन मॅक्लाउड यांनी आपल्या धर्ममंडळापुढे सांगितले की मोशेच्या आज्ञा ख्रिस्ती माणसाला कायदा म्हणून बांधत नाहीत, आणि रविवारची जपणूक करायची ती वेगळ्या, अधिक उदार पायावर करावी. त्यांच्यावर एवढा गहजब झाला की सहकारी पाळकांनी रस्त्यात ओळख दाखवणे सोडले, पण चारच वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याच चर्चच्या महासभेचे ते अध्यक्ष झाले. (हेच मॅक्लाउड मधल्या काळात, १८६७ मध्ये, भारतातील स्कॉटिश मिशनच्या पाहणीसाठी मुंबईत उतरले होते.) मला मॅक्लाउड महत्त्वाचे वाटतात ते एका कारणासाठी. ज्याला धर्मसत्तेची सक्ती नको होती, पण रविवारही गमवायचा नव्हता, असा तो माणूस होता. त्याच्यामागून जे आले त्यांनी सक्ती नाकारणारा त्याचा अर्धा युक्तिवाद घेतला आणि जपणुकीचा अर्धा सोडून दिला.

आणि १८८३ चे स्ट्रोम फेरी. वायव्य किनाऱ्यावरच्या या रेल्वेस्थानकात लुईसकडून आलेले मासे गाडीत भरून लंडनच्या बाजारात धाडले जात. ३ जूनच्या रविवारी स्थानिक मच्छीमारांनी धक्का अडवला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत एकही पेटी चढू दिली नाही. दहा जणांना चार महिन्यांची शिक्षा झाली, लोकमत त्यांच्या बाजूने इतके वळले की त्यांना मुदतीआधी सोडावे लागले. इतिहासात ही घटना धर्मवेडाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाचता येत नाही. रविवारी मासे भरायचे कारण एवढेच होते की सोमवारी सकाळी लंडनच्या बाजारात त्यांना भाव मिळावा. कोणाच्या भुकेसाठी, कोणाच्या जिवासाठी ते चालले नव्हते. किनाऱ्यावरच्या माणसांपाशी कामगार संघटना नव्हती, मतदानाचा हक्क बहुतेकांना नव्हता, ‘कामाचे तास’ हा शब्दप्रयोग नव्हता. आपल्या आठवड्यावर दूरच्या बाजारपेठेची सत्ता आम्ही मानत नाही, हे सांगायला त्यांच्या भाषेत एकच शब्द होता, आणि त्यांनी तो वापरला.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. सॅबथ मोडू नये म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकांत संसदेने केलेले कायदे कालांतराने निर्जीव झाले. १८५३ च्या कायद्याने दारूचे गुत्ते रविवारी बंद झाले, तेही १९७६ च्या कायद्यानंतर उघडले. दुकानांच्या बाबतीत मात्र आधुनिक कायदा कधी झालाच नाही, कारण त्याची गरज कोणाला वाटली नव्हती. शेजारच्या इंग्लंड-वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी जास्तीत जास्त सलग सहा तासांची मर्यादा घातली आणि दुकानकामगाराला रविवारचे काम नाकारण्याचा हक्क दिला. स्कॉटलंडमध्ये रूढी इतकी भक्कम समजली गेली की ना मर्यादा होती ना हक्क. परिणाम असा की रूढी विरघळताच युरोपातला एके काळचा सर्वांत कडक रविवार सर्वांत मोकळ्या बाजाराचा रविवार झाला. या शतकाच्या सुरुवातीला काही स्कॉटिश दुकानकामगारांना रविवारी येण्यास नकार दिल्याबद्दल कामावरून काढले गेले, तेव्हा कुठे खासदार डेव्हिड केर्न्स यांच्या खासगी विधेयकातून २००३ चा कायदा झाला आणि इंग्लंडमध्ये नऊ वर्षे असलेला हक्क स्कॉटलंडला मिळाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या फेऱ्या रविवारी आहेत म्हणून एरिक लिडेल त्या शर्यतीतून बाहेर राहिला आणि चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेऊन आला. त्याचे कौतुक स्कॉटलंडने एक शतकभर केले. जो नकार विजेत्या धावपटूला शोभा देत होता, तो गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला नोकरी गमावून द्यावा लागत होता, आणि हा विरोधाभास दूर करायला देशाला एकोणऐंशी वर्षे लागली.

२०१६ चा प्रसंग आणखी बोलका आहे. इंग्लंड-वेल्समधील रविवारची मर्यादा सैल करण्याचा सरकारचा प्रस्ताव ९ मार्च रोजी ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला, आणि तो पाडण्यात स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या खासदारांची मते निर्णायक होती. त्यांचा युक्तिवाद असा होता की मोठ्या साखळ्या वेतन देशभरासाठी एकत्र ठरवतात. इंग्लंडमध्ये रविवार खास दिवस आहे म्हणून जादा वेतन दिले जाते आणि ते स्कॉटिश कामगारालाही मिळते, इंग्लंडचा रविवार साधा झाला की स्कॉटलंडचे जादा वेतनही जाईल. युक्तिवाद बरोबर होता. पण त्यातून काय सिद्ध झाले? सॅबथचा देश आपल्या कामगारांच्या रविवारसाठी शेजाऱ्याच्या कायद्यावर विसंबून होता, आणि स्वतः तसा कायदा करण्याचा विषय त्याच्या संसदेत कोणी गांभीर्याने घेत नव्हते.

लुईस बेट या साऱ्या प्रवाहाला सर्वांत उशिरा भेटले. स्कायला १९६५ मध्ये रविवारची फेरी सुरू झाली तेव्हा पाळक अँगस स्मिथ मोटारींसमोर रस्त्यावर आडवे झाले होते. लुईसमधील स्टॉर्नोवेला रविवारचे विमान ऑक्टोबर २००२ मध्ये उतरले, हॅरिसच्या सामुद्रधुनीतली फेरी २००६ मध्ये रविवारी निघाली, आणि १९ जुलै २००९ रोजी स्टॉर्नोवेहून उल्लापूलला पहिली रविवारची बोट सुटली. धक्क्यावर काही लोक टाळ्या वाजवत होते आणि काही स्तोत्रे गात होते. बोटकंपनीने दिलेले कारण विशेष होते. समाजातल्या एका गटाच्या श्रद्धेमुळे सर्वांना सेवा नाकारणे हे समानतेच्या कायद्याचे उल्लंघन ठरू शकते, असा तिला सल्ला मिळाला होता. कायद्याच्या नजरेला सॅबथमध्ये फक्त श्रद्धा दिसली. त्या दिवशी बंदरातले हमाल, तिकीटघरातला माणूस, पेट्रोलपंपावरचा मुलगा घरी असतो, ही गोष्ट त्या कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. ती श्रद्धेत मोडत नाही म्हणून तिला संरक्षण नाही, आणि कामगारहिताच्या भाषेत ती कोणी मांडलीच नव्हती.

तरीही बोटीच्या बाबतीत माझे मत विरोधकांच्या बाजूने नाही. बेटावरच्या माणसाला आजारी आईकडे जायचे असेल, ग्लासगोत शिकणाऱ्या मुलीला सोमवारच्या वर्गाला पोचायचे असेल, तर समुद्र ओलांडण्याचा मार्ग आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे हे गरज आणि दया या दोन्ही कसोट्यांवर चुकीचे होते. २०२४ च्या नोव्हेंबरात स्टॉर्नोवेतले टेस्को हे सुपरमार्केट रविवारी उघडले, ते मात्र मला तसे वाटत नाही. शनिवारी रात्री मिळणारे दूध आणि भाजी रविवारीही मिळावी ही सोय आहे, गरज नाही, आणि त्या सोयीसाठी किती जणांचा रविवार कापला जाणार हे मोजणे अवघड नव्हते. बेटावर मत दुभंगले, परंतु चर्चा पुन्हा त्याच खाचेत गेली, श्रद्धा विरुद्ध स्वातंत्र्य. ज्यांना त्या दिवशी गणवेश चढवायचा होता त्यांचा मुद्दा दोन्ही बाजूंच्या मधल्या जागेत पडून राहिला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळता येणार नाही. कामगाराला आठवड्यातून एक सुटी मिळाली की झाले, ती कोणत्या वारी हे राज्याने का सांगावे? स्टॉर्नोवेत २०१८ पासून मशीद आहे, ग्लासगोत ज्यू वस्ती आहे, आणि धर्म नसलेले लोक तर बहुसंख्य आहेत. एका पंथाचा वार सर्वांवर का लादावा? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. दिवस रविवारच असावा असे कोणतेही तत्त्व सांगत नाही, इतिहासाने तो रविवार केला एवढेच. पण ‘कोणताही एक दिवस’ आणि ‘सर्वांचा एक दिवस’ या दोन भिन्न वस्तू आहेत, हे एका मोठ्या देशाने स्वतःवर प्रयोग करून पाहिले आहे. १९२९ मध्ये सोव्हिएत संघाने रविवार काढून टाकला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला पाच दिवसांच्या चक्रात वेगळी सुटी दिली. हिशेबाने विश्रांती वाढली होती. परंतु नवऱ्याची सुटी एक, बायकोची दुसरी, मुलांच्या शाळेची तिसरी, आणि मित्र भेटण्याची शक्यता योगायोगावर. तक्रारींचा आणि गोंधळाचा भार इतका झाला की १९३१ मध्ये सर्वांना समान सुटी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणला गेला आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आला. तो परत आणणारी राजवट निरीश्वरवादी होती, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवारला कामाच्या विरामाचा दिवस म्हणून संरक्षण आहे, आणि २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बर्लिनमधली नाताळपूर्व रविवारांची सरसकट दुकानमुभा त्याच आधारावर अमान्य केली.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण मुंबईने तो एकदा स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा चालवत नसत. म्हणजे हा समाज शेजाऱ्यांनी ओळखला तो त्याच्या थांबण्यावरून. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी याच लोकांचा अभ्यास केला आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. पण गिरणीकामगाराला रविवार मिळाला तो मिशनमुळे नव्हे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, २४ एप्रिल १८९० रोजी हजारो कामगारांची सभा भरवली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, ही गोष्टही लोखंड्यांच्या बाजूने होती. कामगारांच्या श्रद्धेतला वार आणि सरकारी कचेऱ्यांचा वार एकच निघाला, आणि त्या आधारावर त्यांनी जे मिळवले ते उघडउघड श्रमाच्या हक्काचे होते. धार्मिक वाराला कामगारांच्या मागणीची भाषा देता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण स्कॉटलंडच्या इतिहासात मला सापडत नाही. महाराष्ट्रातही २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानांना वर्षाचे सर्व दिवस उघडण्याची मुभा दिली आणि साप्ताहिक सुटी पाळीपाळीने देण्याची व्यवस्था केली, म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेला समाईक दिवस पुन्हा ज्याच्या त्याच्या वैयक्तिक सुटीत वाटला गेला.

स्कॉटलंडला काय करता येईल, हे सांगणे अवघड नाही. नोकरीविषयक कायदे लंडनच्या अखत्यारीत आहेत, पण दुकानांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार एडिंबराच्या संसदेकडे आहे, आणि तिने तो वापरलाही आहे. २००७ च्या कायद्याने नाताळच्या दिवशी मोठी दुकाने उघडण्यास मनाई केली. ज्या सणाला कर्कने तीनशे वर्षे नाकारले त्या दिवशी सर्वांनी थांबावे असे ठरवणारी संसद, ज्या दिवशी देश खरोखर थांबत होता त्याबद्दल गप्प राहते, हे योग्य नाही. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने बंद ठेवावीत, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. बेटांच्या परिषदांना स्थानिक मत घेऊन ही मर्यादा वाढवण्याचा किंवा उठवण्याचा अधिकार असावा, म्हणजे लुईस आणि बॅरा आपापला रविवार ठरवू शकतील. औषधे, इंधन, प्रवास, रुग्णसेवा, खेळाची मैदाने आणि झोपाळे यांना कोणतेही बंधन असू नये. ही यादी करताना नवे शब्द शोधण्याचे कारण नाही. ‘गरजेची आणि दयेची कामे’ हा पावणेचारशे वर्षांपूर्वीचा अपवाद कायद्याच्या पहिल्या कलमात जसाच्या तसा घालता येतो, आणि धर्म न मानणाऱ्यालाही त्यावर हरकत घेण्यासारखे त्यात काही नाही. २०२५ मध्ये त्याच संसदेने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला. तेव्हा हे विधेयक त्या दोन भाषांतही छापायला हवे, आणि तिथे या दिवसाला सॅबथ म्हणायचे की आणखी काही, हे ज्यांच्या तोंडी ते नाव आजही आहे त्यांनी ठरवावे. विधेयक मात्र आधी चर्चच्या मंडळांकडे किंवा व्यापारी संघांकडे जाऊ नये. स्टॉर्नोवे, साउथ युइस्ट आणि ग्लासगो इथल्या दुकानांत रविवारी पाळीवर असलेल्या माणसांपुढे ते कामाच्या दिवशी, पगारी वेळेत ठेवावे आणि त्यांची मते नोंदवून मगच पुढे न्यावे.